गुढी मागं फिरत नाही

पाडव्याच्या शोभायात्रेतून हितेंद्रला काय मिळायचं होतं, ते काळाचौकीतलं शेंबडं पोरही सांगेल: नगरसेवकाचं तिकीट. पक्षाचे साहेब लालबागला मंचावर बसणार होते. त्यांच्यासमोरून खरी बैलगाडी न्यायची, गाडीत गुढी, गुढीपाशी नऊवारीतली मालनकाकी, आणि सगळ्यांच्या पुढं फेटा बांधून, हात जोडून मंडळाचे अध्यक्ष हितेंद्र. बैलांनी ओढायचं, काकींनी धरायचं, फोटोत त्यानं यायचं. धंदा वाईट नव्हता.

मालनचाही फायदा होता, नाही कसा? गुढी धरायचा मान बावीस वर्षं तिचा. मान द्यायला कुणाच्या बापाचं काही जात नाही, म्हणून लोक तो सढळ हातानं देतात. घेणाऱ्याला मात्र तो सोन्याहून जड वाटतो.

गाडीवान रघू दर पाडव्याला उरणहून बैल टेम्पोत घालून यायचा. त्याला मिळायचं भाडं, नारळ आणि ‘जरा हसतमुख राहा रे’ असा सल्ला.

पुलाखालच्या नाक्यावर पुढचा ढोलपथकाचा ट्रक अडकला. हवालदार म्हणाला, "बैलगाडी मागं घ्या, गल्लीतनं काढा." रघू बैल वळवायला लागला, तोच मालन वरून कडाडली, "ए, गुढी मागं फिरत नाय हां! निघालेली गुढी फिरली तर मंडळाचं वर्ष फिरतं."

ही मंडळाची रीत. कुणी घातली ते कुणाला ठाऊक नाही, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. हितेंद्रला तर ती देवासारखी पावली. साहेब उठायच्या बेतात आहेत, असा फोन त्याला नुकताच आला होता. त्यानं दुभाजकातली फट दाखवली. पलीकडच्या बाजूनं वाहतूक चालू होती.

"रघू, तिकडनं घाल. पन्नास पावलं, की परत आत."

"अध्यक्षसाहेब, समोरनं गाड्या येतात. बैलाला ब्रेक नसतो."

"मी पुढं चालतो ना! काकी काय म्हणाल्या, ऐकलंस ना?"

पुढं तो चालला बारा पावलं. मग फोन वाजला आणि तो बाजूला झाला.

राखाडी मोटार पुलाच्या खांबाआडून भरधाव आली. डावा बैल जोखडासकट आडवा झाला, गाडी कलंडली, रघूचा पाय गाडीचं चाक आणि मोटारीचं तोंड यांच्यामध्ये सापडला. मालन खांद्यावर आपटली. तिला आठवतो तो बैलाचा आवाज. जनावर असं ओरडतं, हे तिला साठ वर्षांत कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हितेंद्र इस्पितळात शहाळी घेऊन आला.

"काकी, पोलीस जबाबाला येतील. साधं सांगायचं. बैल उधळला, रघूला आवरला नाही."

"बैल उधळला?"

"मुकं जनावर. ते थोडंच येणार आहे नाही म्हणायला?"

"आणि रघू?"

"त्याला मंडळ बघेल हो."

मालनचा मुलगा वैभव खाली वाकून कुजबुजला, "आई, ऐक ना. चाळीच्या रिडेव्हलपमेंटच्या कमिटीवर हाच आहे. पहिल्या मजल्यावरची रूम देतो म्हणतोय. तुझे गुडघे बघ."

मालननं गुडघे बघितले. मग गळ्यात अडकवलेला हात सांभाळत उठली आणि पुरुषांच्या वॉर्डात गेली. रघूची चादर डाव्या बाजूला गुडघ्याखाली सपाट होती. बायको गुणवंती फरशीवर बसली होती. ती मालनकडे न बघताच म्हणाली, "मोटारवाल्याचा वकील येऊन गेला. बैल उधळला असं आलं कागदावर, तर चूक आमचीच. विम्याचा पैसा येणार नाय."

रघू छताकडे बघत म्हणाला, "काकी, माझं बैल कधी उधळलं नाय."

मालन परत आली ती पेटूनच. अख्खा वॉर्ड उठून बसला.

"हितेंद्र, कोण उधळलं ते सांगू? तू उधळलास, तिकिटाच्या वासानं. मी उधळले, मानाच्या. बैल तेवढे शिस्तीत चालले होते, मेल्या!"

"काकी, हळू. तुमचंपण नाव येईल त्यात. फिरवायची नाही म्हणून तुम्हीच ओरडलात."

"येऊ दे! पहिलं माझंच येऊ दे, त्याच्या खाली तुझं. आणि ही शहाळी उचल. तिकडं पाय गेलाय त्याचा, आणि हा पाणी पाजतोय मला!"

हवालदार आला तेव्हा तिनं आपल्या वाक्यापासून सुरुवात केली आणि हितेंद्रच्या बारा पावलांपर्यंत सगळं लिहून घ्यायला लावलं. उजवा हात चालत नव्हता, म्हणून सातवी शिकलेल्या बाईनं डावा अंगठा उठवला.

तर कुणी काय दिलं? रघूनं पाय. डाव्या बैलानं जीव. मालननं खांदा, पहिल्या मजल्यावरची रूम आणि बावीस वर्षांचा मान. वैभव अजून तिच्याशी धड बोलत नाही. मोटारवाल्याच्या विमा कंपनीला आता ‘बैल उधळला’ म्हणता येत नाही, म्हणून तिनं रघूला पैशांऐवजी तूर्त पुढची तारीख दिली आहे. तिकीट साहेबांच्या भाच्याला गेलं. हितेंद्रचा गेला तो एक फेटा, आणि तोही भाड्याचा होता.