तारांवरचा बर्फ

सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मेधाला उजवा हात वर करायला सांगितलं. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

"दुखतंय का?" या प्रश्नाचं उत्तर उज्ज्वलदादानेच देऊन टाकलं. "खूप दुखतं. धड झोपत नाही ती."

"मी झोपते," मेधा म्हणाली. "सहा आठवड्यांत हात डोक्यावर जाईल का, एवढं सांगा."

"नेटाने व्यायाम केलात, तर बघू."

मेधा वीजवाहिन्यांची इंजिनीअर. सिंगापूरच्या तिच्या कंपनीने तिला वर्षभरासाठी कॅनडातल्या एका लहान गावी पाठवलं होतं. तिथे एप्रिलमध्ये दोन दिवस असा पाऊस पडला, की हवेत असेपर्यंत पाणी आणि तारेला टेकलं की बर्फ. बोटाएवढ्या तारा मनगटाएवढ्या झाल्या. झाडं कडाकडा मोडली, लोखंडी टॉवर कमरेतून वाकले, आणि सहा दिवस गावात दिवा लागला नाही. चौथ्या दिवशी मेधा शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला जळण नेऊन देत होती. बर्फाने जड झालेली मेपलची फांदी तिच्या खांद्यावर कोसळली.

तेव्हापासून ती सिंगापूरला, बुकित पंजांग भागातल्या दादाच्या फ्लॅटमध्ये होती. आई-वडिलांच्या मागे दादानेच तिला शिकवलं होतं. त्याचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती.

त्याच आठवड्यात तिच्या बॉसचा फोन आला. तुझ्या इच्छेप्रमाणे तुला इथेच ऑफिसात काम दिलंय, कॅनडाला दुसऱ्या कोणाला तरी पाठवतोय, असं ते म्हणाले.

"माझी इच्छा? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या भावाने लिहिलं होतं."

दादा घरी येईपर्यंत ती दारासमोर खुर्ची टाकून बसून राहिली.

"तुझ्या भल्यासाठीच लिहिलं," तो बूट काढता काढता म्हणाला. "फांदी वीतभर इकडे पडली असती तर?"

"तर मेले असते. पण जिवंत आहे ना? खांदा मोडलाय माझा, दादा, तोंड नाही. मला काय हवंय ते मी सांगीन."

"तिला विचारायला हवं होतंस," वहिनी, क्षिप्रा, स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली.

मेधाने तिथेच बसून डाव्या हाताने बॉसला ईमेल लिहिली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं तर जागा तुझीच, असं उत्तर आलं.

मग ती हात धुऊन व्यायामाच्या मागे लागली. दारावरून टॉवेल टाकायचा, डाव्या हाताने ओढायचा, उजवा वर न्यायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, ती पुसायची नाही. दादा खोलीत आला तरी थांबायची नाही.

सहा आठवड्यांनी हात कानाच्या वर गेला, पुरता सरळ मात्र झाला नाही. कामावर जा, पण टॉवरवर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

"ठीक आहे. जमिनीवरून काम करीन," ती म्हणाली आणि त्याच संध्याकाळी तिने तिकीट काढलं.

दादाने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटातून मान वर न करता, त्याने विचारलं, "त्या तारांवर एवढा बर्फ धरतो, तर तो काढतात कसा?"

इतक्या महिन्यांत तिच्या कामाबद्दल त्याने पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मेधाने सगळं समजावून सांगितलं. वरण निवून गेलं.

"तू जावंस हे मला अजून पटलेलं नाही," शेवटी तो म्हणाला.

"नाही पटलं तरी मी जाणार," मेधा म्हणाली आणि उजव्या हाताने त्याला भात वाढला.