कुकरच्या शिट्टीचं वैर

मी एक जुना कुकर आहे, मित्रांनो, आणि डूख धरण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. पोटात वाफ कोंडून ठेवणं हा माझा जन्माचा धंदा. तेव्हा रागाचं मला काही शिकवू नका.

कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून माझं पोट घडवलं आणि दोन काळ्या मुठी बसवल्या. या घरातल्या आजीच्या लग्नात तिच्या मावशीने मला आहेर म्हणून दिलं. आजोबा तेव्हा फौजेत होते. पुढे एका लढाईतून ते धडधाकट परतले, फौज सोडली आणि लाकूड कापायच्या गिरणीत लागले. दिवसभर करवतींचा कानठळ्या बसवणारा आवाज. संध्याकाळी घरी आले की माझ्या शिट्ट्या तेच मोजायचे. "अगं, तिसरी झाली, गॅस बंद कर!" शेजारीण म्हणायची, "तुमचा कुकर म्हणजे गल्लीचं घड्याळच!" मी फुगून टम्म व्हायचो.

मग आजोबा गिरणीतून निवृत्त झाले आणि दिवसभर घरी बसू लागले. एका दुपारी त्यांची नात चिमणी टेबलाशी चित्र काढत होती. माझ्या पोटात बटाटे शिजत होते. मी नेहमीसारखी शिट्टी दिली, आणि काय आक्रीत घडलं! आजोबा किंचाळले, "खाली पड!" आणि पोरीचा हात धरून तिला टेबलाखाली खेचलं. बिचारीचं मनगट मोडलं.

मी थंड झाल्यावर म्हाताऱ्याने माझी शिट्टी उपटली आणि खिडकीतून गटारात भिरकावली. मला माळ्यावर टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! चिमणीची आई, म्हणजे आजोबांची मुलगी, रडत म्हणाली, "बाबा, तुम्ही डॉक्टरला दाखवेपर्यंत मी हिला इथे आणणार नाही."

आजोबा डॉक्टरकडे गेले नाहीत. उलट आजीने सगळं घरच मुकं करून टाकलं. दाराची घंटा काढली, खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या, स्टीलची भांडी गोधडीत गुंडाळली. तिला बिचारीला वाटलं, शांततेने बरं वाटेल. झालं भलतंच. आधी म्हातारा शिट्टीला घाबरायचा, मग कपाटाच्या दाराला, मग चमचा पडला तरी भिंतीला चिकटायचा. माळ्यावर मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. भोगा म्हणावं! एक दिवस इथून पडेन तो थेट म्हाताऱ्याच्या टकलावरच, असा बेतही मी आखून ठेवला होता.

शेवटी आजीने लंबूला बोलावलं. हा आजोबांचा फौजेतला दोस्त. दारातून वाकूनच आत यावं लागतं त्याला.

"डॉक्टरकडे चल," लंबू म्हणाला.

"मला काय वेड लागलंय?"

"मी जातोय वर्षभर. मी वेडा दिसतो का? बरं, ते राहू दे, याचं उत्तर देऊ नकोस!"

आजोबा हसले नाहीत. "अरे, इतकी वर्षं चांगला होतो. आताच का?"

"गिरणीच्या आवाजात सगळं दबलं होतं तुझं. गिरणी सुटली आणि उसळून वर आलं. माझंही तसंच झालं."

आजोबांनी मान वर करून माळ्यावर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गोळा येताना आधी शिट्टी ऐकू यायची, आठवतं? त्या दिवशी ती ऐकून मी लगेच खाली पडलो. पण आपल्या तुकडीतल्या धाकल्याला 'पड' म्हणेपर्यंत उशीर झाला. चिमणीच्या वेळी मला उशीर करायचा नव्हता रे." आणि एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडू लागला.

माझं पित्त खवळलं, मित्रांनो! म्हणजे माझ्या शिट्टीच्या आडून तो मेला तोफेचा गोळा ओरडत होता तर! माझा आवाज चोरला, पोरीचा हात मोडला, या माणसाचं घर तोडलं. टकलाला मी मनोमन माफ करून टाकलं. गोळ्याला सोडणार नव्हतो.

आजोबा डॉक्टरकडे गेले एकदाचे. पहिल्यांदा दवाखान्याच्या पायरीवरूनच परत आले, दुसऱ्यांदा लंबूने आत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घर मुकं करून भीती पोसू नका. आवाज हळूहळू, लांबून परत आणायचा, आणि तोही त्यांना विचारूनच. मग आजोबांनी मला माळ्यावरून उतरवलं आणि स्वतः दुकानात जाऊन माझ्यासाठी नवी शिट्टी आणली.

पहिल्या दिवशी ते फाटकाबाहेर उभे राहिले. मी पोटातली सगळी वाफ एकवटून शिट्टी ठोकली. घे रे गोळ्या! आजोबा घामाने निथळत आत आले, पण आले. पुढे अंगणात, मग दारात, मग ओट्याशेजारी. मधे चार पावलं मागेही गेले. मी मात्र हटलो नाही.

आणि परवा मुलगी चिमणीला घेऊन आली. मी गॅसवर होतो. शिट्टी झाली. सगळे आजोबांकडे बघू लागले. त्यांनी ओटा घट्ट धरला, श्वास सोडला आणि तिथेच उभे राहिले. पण चिमणी कुठे होती? टेबलाखाली! कानांवर हात, डोळे गच्च मिटलेले. बघा, तो हलकट गोळा तिच्यापर्यंतही पोचला होता.

आजोबा गुडघे धरत टेबलाखाली शिरले. "चिमणे, ती आपल्या कुकरची शिट्टी. आजोबा चुकले गं. आजोबांना लागलं होतं, आता औषध चालू आहे."

"परत वाजेल?"

"वाजणार की! दोन राहिल्यात. मोजशील माझ्याबरोबर?"

तिने त्यांचं बोट धरलं. मी अशी शिट्टी दिली की खिडक्या थरथरल्या. "दोन!" दोघं टेबलाखालून ओरडली.

मित्रांनो, माझं रबर बदला, मला घासूनपुसून ठेवा, ते ठीकच. पण घरातलं कुणी असं दचकत असेल तर त्याला हसू नका, त्याच्यासाठी घर मुकं करू नका. त्याचा हात धरून दवाखान्यात न्या. इतक्या वर्षांनी कशाला, असं तर मुळीच म्हणू नका. आणि तो गोळा कुठे भेटलाच, तर माझा निरोप सांगा: या घरात आता शिट्टी फक्त माझी वाजते.