एरंडेलाचा इलाज

सासूबाईंच्या वाढदिवसाच्या खुर्च्या दरवर्षी भूमापन खात्यातल्या निवृत्त मोजणीदारांच्या हिरवळीवर मांडल्या जात आणि भिंतीपलीकडचे त्यांचे साडू, दातांचे डॉक्टर, पाहुण्यासारखे येऊन बसत. जगाची ही रचना मोजणीदारांना पसंत होती.

यंदा ऐंशीवा वाढदिवस. तीन आठवडे उरले असताना हिरवळीवर तपकिरी ठिगळं उमटली आणि त्यांच्यालगत मातीचे उंचवटे. डॉक्टर भिंतीवरून डोकावले.

"साडूबुवा, चिचुंदरी लागलेली दिसते. यंदा खुर्च्या आमच्याकडे मांडू, काय?"

त्यातला 'काय' मोजणीदारांच्या काळजात रुतला.

गुन्हेगार आधी नकाशावर पकडायचा, मग जागेवर, ही त्यांची तीस वर्षांची रीत. फीत आली, खुंट्या आल्या. ठिगळं लाल, बोगदे निळे. प्रत्येक लाल ठिगळात एक निळी रेघ घुसलेली निघाली. आणखी पुरावा तो काय हवा? खणताना अर्ध्या बांगडीसारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्याही सापडल्या; पण नकाशात अळीसाठी चिन्ह नसतं, म्हणून त्या पुन्हा मातीत गेल्या.

शिक्षा ठरली हद्दपारीची. चिचुंदरीला वास सोसत नाही म्हणून एरंडेल आणि साबणाचं पाणी त्यांनी तीन बाजूंनी ओतलं. चौथी बाजू, डॉक्टरांकडची, मुद्दाम कोरडी ठेवली.

चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या गवतात पहिला उंचवटा आला. मोजणीदारांनी त्या आनंदात दुसरा कप चहा मागितला.

"झालं समाधान?" बायकोनं विचारलं.

"अजून कुठे? त्याच्या खुर्चीखाली खड्डा पडू दे."

आठवड्याभरात मोजणीदारांची हिरवळ केसांच्या टोपासारखी हातात येऊ लागली. खाली अळ्यांचं संमेलन भरलं होतं. बायको त्यातली एक डबीत घालून रोपवाटिकेत दाखवून आली.

"हुमणी आहे ही. गवताची मुळं हीच खाते."

"मग चिचुंदरी काय करत होती?"

"हिला खात होती."

दुसरा कोणी असता तर शरमला असता. मोजणीदार रोज सकाळी खुरपं घेऊन हुमणी वेचू लागले आणि डबा भरला की भिंतीपलीकडे रिकामा करू लागले. बुडायचंच, तर साडूला घेऊन.

"अहो," बायको एकदा खिडकीतून शांतपणे म्हणाली, "चिचुंदरीला डबा पोचवताय तुम्ही. रोजच्या रोज, ताजा."

त्यांनी ऐकलं नाही. सूड घेणाऱ्याला हिशेब पटत नाही.

वाढदिवसाला खुर्च्या अर्थातच डॉक्टरांकडे मांडल्या गेल्या. गवत मखमलीसारखं होतं. दोन-चार उंचवटे डॉक्टरांनी पायानंच दाबून टाकले होते.

"काय राखलंत हो गवत," सासूबाई डॉक्टरांनीच बसवलेली कवळी सावरत म्हणाल्या.

"मी कुठे, आई? एक चिचुंदरी ठेवलीय. राहायला आमच्याकडे, जेवायला साडूबुवांकडे. न चुकता पाठवतात हो."

सगळे हसले. मोजणीदारांची बायको जरा जास्तच हसली. मोजणीदार भिंतीच्या पायथ्याकडे बघत, तिथे आपल्या बाजूनं केवढं भोक पाडलं म्हणजे चिचुंदरी परत येईल, याचा नजरेनंच अंदाज घेत होते.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंत?"

"प्यायलो नाही," मोजणीदार म्हणाले. "ओतलं."