पुढची हिरवी गाडी

मिहीर मला काकू म्हणतो, हे मला पहिल्या दिवसापासून आवडलेलं नाही. मी एकेचाळीसची, तो सव्वीसचा. ताई म्हणायला काय जात होतं? पण गोल्डन गावातल्या माझ्या घराचं बेसमेंट भाड्याने घ्यायला आला तेव्हा दारातच वाकून नमस्कार केला आणि 'काकू' म्हणाला, ते म्हणालाच. पोरगा नागपूरचा, बोल्डरच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. माझी लॅबही बोल्डरलाच, त्यामुळे सकाळी तो माझ्याच गाडीतून यायचा.

गोल्डन ते बोल्डर वीस मैल, हायवे त्र्याण्णव. डावीकडे डोंगर, उजवीकडे उघडं माळरान. हिवाळ्यात डोंगरावरून वारा सुटला की भलेमोठे ट्रक आडवे होतात. वर आकाश निळंभोर असतं आणि खाली जमिनीवरचा बर्फ असा उडतो की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. मग सगळे एकच करतात, पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालवतात. पुढचा खड्ड्यात गेला तर मागचाही गेलाच. हे मी मिहीरला शंभरदा सांगितलं असेल, तेही ओरडून, कारण साधं बोललेलं त्याच्या कानात शिरत नाही.

खरं तर त्या वीस मैलांत मी बहुतेक ओरडतच असायची. उशीर केला म्हणून, सीटवर कॉफी सांडली म्हणून, टोपी विसरला म्हणून. तो 'हो काकू' म्हणायचा आणि खिडकीतून डोंगर बघायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मला साडेआठची मीटिंग होती. पावणेआठला गाडी काढून दोनदा हॉर्न दिला. मिहीरचा पत्ता नाही. सात मिनिटं थांबले, मग डोकं फिरलं. 'तुझं तू ये' असा मेसेज टाकला आणि निघून गेले. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत पोचते तोच वाऱ्याने गाडी अशी ढकलली की स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागलं. तेवढ्यात मीटिंग कॅन्सल झाल्याचाही मेसेज आला. मी निमूट मागे फिरले. घरी आले तेव्हा खाली सामसूम होती. लाटसाहेब अजून झोपलेत, असं समजून मी चहा टाकला. त्याची गुळगुळीत टायरांची जुनी गाडी कोपऱ्यावर उभी असते. ती आहे की नाही हे काही मी बघितलं नाही.

साडेआठला त्याचा फोन आला. मागे वाऱ्याचा नुसता घोंगाट.

"काकू, थँक्यू हं. थांबलात ते."

कोण थांबलं, मी विचारलं.

"तुम्हीच की. गावातून निघाल्यापासून तुमच्याच मागे आहे मी. तुमचा तो लाल टेप लावलेला टेललाइट दिसत होता म्हणून आलो, नाहीतर काही खरं नव्हतं. माझी गाडी बर्फात रुतली यार. तुम्ही पुढे थांबलात, आता येतोच तुमच्याकडे."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. माझी हिरवी गाडी दारातच उभी होती. टेप लावलेला दिवा खिडकीकडेच होता.

मी त्याला म्हटलं की मी घरी आहे, स्वयंपाकघरात. तो हसला. मग हसू थांबलं. हळू आवाजात म्हणाला, "पण तुम्ही मला हात करताय. बाजूचं दार उघडलंय तुम्ही. काकू, तुमच्या हातात फोन नाहीये."

अशा वाऱ्यात गाडीबाहेर पडलेल्या माणसाला दहा पावलांवरून स्वतःची गाडी पुन्हा सापडत नाही. तो उतरला असता तर संपलं होतं, आणि मी वीस मिनिटांवर हातात गाळणं घेऊन उभी होते. मी म्हटलं, राजा, ऐक माझं, उतरू नकोस. गोड बोलले, विनवलं. ती माझी चूक झाली.

"तुम्ही तिकडेही तसंच बोलताय," तो म्हणाला. "एवढ्या वाऱ्यातही स्पष्ट ऐकू येतंय. ये बाळा, बैस, म्हणताय. हसताय. काकू, मला कळत नाहीये. मोठं माणूस बोलावतंय आणि मी नुसताच बसून राहू?"

दाराचा खटका सुटल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

"गाढवा, दार लाव आधी!" मी किंचाळले. "सात मिनिटं हॉर्न वाजवला तेव्हा कुठे होतास? कॉफीचा डाग अजून गेलेला नाही. टोपी घातली आहेस का? नाहीच घातली. आणि काकू कोणाला म्हणतोस रे?"

दार धाडकन लागलं आणि तो रडायला लागला.

"तुम्ही इथे आहात," तो म्हणाला. "फोनवर आहात. ती ओरडत नाहीये."

ऑफिसने दिलेल्या दुसऱ्या फोनवरून मी ९११ हा मदतीचा नंबर लावला, आणि तोंड मात्र बंद केलं नाही. पन्नास मिनिटं मी त्या पोराला फाडून खाल्लं. त्याचे दोष संपले तेव्हा त्याच्या गाइडला धरलं, मग त्याच्या आईने लाडावून ठेवलं म्हणून तिलाही. ती बिचारी माऊली नागपुरात रात्रीची जेवणं उरकत असेल. मधे मधे तो सांगायचा, अजून उभी आहे. अजून हसतेय. आता ती गाडीतून उतरली. आता माझ्या काचेशी आलीय. मी आणखी मोठ्याने ओरडायची. माझा घसा फाटला तेव्हा कुठे बर्फ काढणारी गाडी तिथे पोचली.

त्या गाडीच्या ड्रायव्हर बाईने मला नंतर फोनवर सांगितलं की पुढे गाडी नव्हती, चाकांची खूणही नव्हती. मिहीरच्या बंपरपासून बारा फुटांवर रस्त्याची कड होती, आणि खाली घळ.

दुपारी वारा पडला. वाटेतल्या फायर स्टेशनवर त्याला ठेवलं होतं, मी आणायला गेले. रस्ता स्वच्छ होता, ऊन पडलं होतं. तो कोणाचं तरी ब्लँकेट गुंडाळून बाहेर आला. ओठ निळे, डोळे सुजलेले, डोक्यावर टोपी नाही. माझ्या पोटचा असता तरी एवढं भरून आलं नसतं. मी वाकून बाजूचं दार उघडलं.

"ये बाळा, बैस," मी म्हटलं.

तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी हसत होते.

"अरे, मीच आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका हळू निघाला. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक.

ओरडायला हवं होतं, हे मला कळत होतं. तोही त्याचीच वाट बघत बर्फात उभा होता. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला त्याचा राग येईना.