सख्ख्या भावालाही नाही

आमच्या दादाने ऑफिसात अर्ध्या दिवसाचं सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं आणि आमच्या घरातलं सुख संपलं. प्रमाणपत्र चौकटीत बसून हॉलमध्ये लागलं. वहिनी साधी चप्पल ऑनलाइन मागवायला बसली तरी हा मागे उभा राहून विचारायचा, "लिंक तपासलीस का?" बिचारीची चपलेची हौसच फिटायची.

मी मागच्या खोलीत वाद्यांच्या गवसण्या शिवते आणि एका ऑनलाइन बाजारात विकते. तिथलं खातं हेच माझं दुकान. 'चेन अडकत नाही', 'भर पावसात व्हायोलिन कोरडं राहिलं', असं गिऱ्हाइकांनी लिहिलेलं सगळं तिथेच आहे. ते खातं कुणी पळवलं तर मला पुन्हा पहिल्या गवसणीपासून सुरुवात. याची धास्ती मला दादापेक्षा कितीतरी जास्त होती, फक्त माझ्याकडे प्रमाणपत्र नव्हतं.

तेव्हा दादाने माझं खातं आपल्या छत्रछायेखाली घेतलं. त्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडला आणि माझ्या शिलाई मशीनच्या वर पाटी डकवली: 'कोड कोणालाही सांगायचा नाही. सख्ख्या भावालाही नाही.' कोड येणार त्याच्या फोनवर आणि पाटी माझ्या डोक्यावर. पण शंका विचारायची सोय नव्हती.

मग एकदा दादाच्या फोनवर बाजाराकडून खराखुरा इशारा आला, की कुणीतरी तुमच्या खात्यात शिरायला बघतंय, पासवर्ड बदला. दादाने तो अभिमानाने पुसून टाकला. "खरी कंपनी असं कधी लिहीत नाही!" मी गुपचूप ॲप उघडून पाहिलं, तर तोच इशारा तिथेही होता. पासवर्ड बदलला आणि नंबरही माझा घातला. त्यासाठी लागणारा कोड दादाच्या फोनवर आला, पण सुरक्षातज्ज्ञ अंघोळीला गेले होते आणि फोन टेबलावर उघडा पडला होता. त्याला काही सांगितलं नाही. व्याख्यान ऐकायची ताकद नव्हती.

त्या रविवारी दादा फोन स्पीकरवर टाकून माझ्याच खोलीत येरझारा घालत होता. बाजाराच्या कंपनीतून बोलतोय म्हणणारा पलीकडचा आवाज मधाळ. "साहेब, तुमच्याइतके सावध ग्राहक आम्हाला फार कमी भेटतात." दादा तिथेच विरघळला. "तुमच्या बहिणीच्या खात्याला खास संरक्षण देतोय. आता एक कोड येईल."

"येईल ना, सगळे कोड माझ्याकडेच येतात!"

माझ्या मशीनवरचा फोन वाजला.

दादाने आपला फोन पाहिला, मग माझा. "तुझ्याकडे कसा आला? बरं, ते नंतर बघू. वाच पटकन!"

"नाही."

"अगं, खातं जाईल तुझं!"

"पाटी वाच."

"मीच लावलीय ती!"

"म्हणून तर वाच म्हणतेय."

हे मशीन मला यानेच घेऊन दिलेलं. तरी फोन मांडीखाली दाबून बसून राहिले.

"ताईंना समजवा, साहेब," पलीकडचा कळवळला. "अशा लोकांमुळेच फसवणूक वाढते. असो, तोवर आमच्याकडचं तुमचं स्वतःचं खातं सुरक्षित करून टाकू."

"दादा, नको!" मी ओरडले. त्याने हात वर करून मला गप्प केलं आणि आपल्या फोनवर आलेल्या कोडचा एकेक आकडा भाषण द्यावं तसा सुटा, स्पष्ट वाचून दाखवला.

थोड्याच वेळात त्याच्या खात्यावरून कुणा अनोळखी पत्त्यावर व्यायामाचं भलंमोठं यंत्र निघालं, आणि दादाला आत शिरायला स्वतःचाच पासवर्ड चालेना. वहिनीने शांतपणे विचारलं, "अहो, लिंक तपासली होतीत का?"

बँकेला फोन मी लावला, कार्ड बंद करवलं, बाजाराकडे तक्रार नोंदवली. दादा शेजारच्या स्टुलावर बसून कार्डाचे शेवटचे आकडे हळू आवाजात सांगत होता. रात्री मावशीला फोनवर मात्र जोरात सांगत होता, "छे गं, मी मुद्दाम परीक्षा घेतली. पास झाली पोरगी!" मला राग आला, हसूही आलं.

सकाळी मशीनवर बसले तेव्हा पाटीवर पेनाने एक ओळ वाढली होती. अक्षर दादाचं होतं.

'सख्ख्या भावाला तर मुळीच नाही.'