मंदाकिनीला नसलेली बहीण

ठाण्यात कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसे. सूक्ष्मानंद महाराज डोळे मिटून बसत आणि समोरच्याच्या मनातलं बोलून दाखवत. "तुमच्या मनाच्या लहरी माझ्या नाभीवर येऊन आदळतात," असं त्यांचं म्हणणं. कुणाचा मूतखडा, कुणाचं मोडत आलेलं लग्न, सगळं बरोबर निघे. ही १९९९ सालची गोष्ट.

एका शनिवारी त्यांनी मंदाकिनीकडे बोट केलं. "पोरी, देह ठाण्यात आणि मन नाशकात. तिथे नोकरी धरून सासूला सोडायचंय तुला."

मंदाकिनी पांढरीफटक पडली. सासू, गंगुबाई, शेजारीच बसलेली.

मंदाकिनी माझी शेजारीण. नवरा बोटीवर, घरात दोघीच. लॅबचं शिकलेली, पण नोकरीला घरातून नकार. त्या दिवसापासून तिचं एकटीनं भाजीला जाणंही बंद झालं. जिन्यात भेटली तेव्हा हळूच म्हणाली, "दामाजीकाका, आता विचार करायचीही भीती वाटते. डोक्यात काही आलं की लगेच स्तोत्र म्हणते. त्यांना ऐकू जाईल ना."

"नाशिकचं कुणाला बोललेलीस?"

"कुणालाच नाही. ई-मेलनं अर्ज केलेला, तेवढंच."

"तू कधीच टाइप न केलेलं असं काही महाराजांनी ओळखून सांगितलंय?"

तिनं एकेक गोष्ट आठवून पाहिली. "नाही."

"ई-मेलचं पत्र घरातून निघालं की आधी कुठे जातं?"

"विश्रामदादांच्या गाळ्यात. तिथल्या मशीनमधून पुढे."

विश्राम आम्हा सगळ्यांना केबलवरून इंटरनेट द्यायचा. महाराजांची गादी अंथरणाराही तोच. मी म्हटलं, "मैत्रिणीला लिही, धाकटी बहीण गोदा घर सोडून गेली म्हणून."

"पण मी खोटं लिहितेय हे त्यांना कळेल."

"कळलं तर मी त्यांच्या पाया पडेन."

मंगळवारी तिनं लिहिलं. शनिवारी महाराजांनी उसासा टाकला. "मंदाकिनी, तुझी गोदा सुखरूप आहे. अकरा शनिवार कर, परत येईल."

गंगुबाई सरळ म्हणाल्या, "हिला बहीण नाही, महाराज. एकुलती आहे. स्थळ मीच पाहिलेलं."

"मागच्या जन्मीची बहीण," महाराज म्हणाले.

मी उभा राहिलो. "मागच्या जन्मीची बहीण मंगळवारच्या ई-मेलात कशी आली? मी तार खात्यात एकतीस वर्षं काढली. लोकांचे जन्म, मृत्यू, भांडणं, सगळं मला घरच्यांच्या आधी कळायचं, कारण तार माझ्या हातून जायची. मला कुणी हार घातला नाही. तुमची पत्रं विश्रामच्या मशीनमधून उघडीच जातात. कुठल्या घरात इंटरनेटवरचं कुठलं पान उघडलं, तेही तिथे दिसतं. विश्राम वाचतो, महाराज सांगतात."

विश्राम खाली मान घालून म्हणाला, "भक्तांच्या भल्यासाठीच, असं म्हणालेले ते."

महाराज पुन्हा आले नाहीत. पण त्या दुपारी जिना चढताना गंगुबाईंनी सुनेला विचारलं, "म्हणजे नाशिकचं खरंच होतं?"

मंदाकिनीनं कठडा घट्ट धरला. "हो आई. मला जायचंय."

गंगुबाई उरलेल्या पायऱ्या चढून वर गेल्या. नाशिकच्या मुलाखतीची तारीख तोवर उलटून गेली होती. कोपरीत विश्रामची सोडून दुसरी केबलही नव्हती. मंदाकिनीनं पुढचा अर्ज पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून टपालानं पाठवला.

तुमच्या मनात कुणीही शिरू शकत नाही. कुणी मनातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हे मी कुठे लिहिलं होतं, आणि ते कुणाच्या हातून गेलं?