फारमवाल्या आपांची दुसरी टेप

खैरुन्निसा गप्प बसली, असं खामगावात कोणी सांगितलं असतं तर लोकांनी आधी डॉक्टरला बोलावलं असतं. चौदा वर्षं बाई एका संस्थेत समाजसेवेचं काम करत होती. चिखली रस्त्यावरच्या गावांत तिचं पाऊल पडलं की बाया रेशनकार्डाच्या झेरॉक्स घेऊनच बाहेर येत. खांद्याला पिशवी, पिशवीत सतरा प्रकारचे फॉर्म. 'फारमवाल्या आपा' हे नाव गावांनी प्रेमानंच ठेवलं होतं. कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हिचा हात आपोआप पिशवीत जायचा.

आणि अशा बाईनं एकेचाळिसाव्या वर्षी समुपदेशनाच्या पदव्युत्तर डिप्लोमाला नाव घातलं! नोकरी करणाऱ्या समाजसेवकांसाठीच तो होता. शनिवार-रविवार अकोल्याला वर्ग, बाकी आठवडा आपलं काम. बीटी कपाशीची आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं. गावोगाव घरंच्या घरं मुकी होत चालली होती. फॉर्म मंजूर झाले तरी बाया तशाच भिंतीला टेकून बसायच्या. आपण सगळं केलं, मग राहिलं काय, हे हिला उमगेना, म्हणून गेली. तिथं पहिलाच धडा: सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. घ्या! मासोळीला सांगितलं, पोहू नको.

परीक्षेसाठी पंचेचाळीस मिनिटांच्या भेटीची टेप द्यायची होती, अर्थात समोरच्याची परवानगी घेऊन. पहिली टेप वर्गाच्या दयाराम सरांनी ऐकली आणि चष्मा काढून पुसला.

"मॅडम, पंचेचाळीसातली एकतीस मिनिटं तुम्हीच बोललात. चार योजना सांगितल्या. ती बाई रडत होती, तेव्हा तुम्ही तिला बँकेचं पासबुक मागितलं."

"पासबुकाशिवाय फॉर्म होत नाही ना, सर."

सर हसले नाहीत. पंधरा दिवसांत दुसरी टेप आणा म्हणाले, तीही अशीच आली तर नापास. संस्थेनं शनिवारची सुट्टी एकाच वर्षापुरती दिली होती. म्हणजे आता नापास ती कायमची.

दुसऱ्या टेपेसाठी तिनं उंद्रीची वच्छला निवडली. वच्छलाच्या नवऱ्यानं, गुलाबरावांनी, अडीच वर्षांपूर्वी जीव दिला होता. सरकारी मदतीची केस खैरुन्निसानंच चालवली, जिंकलीही. पोरगी छकुली वसतिगृहात शिकत होती. पण वच्छला स्वतःच्या चार एकरांत पाय ठेवत नव्हती. दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायची, आणि आपल्या वावरातल्या शेवटच्या हंगामातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच वाळून उभ्या. सरपणालासुद्धा कोणाला उपटू देत नव्हती. लोक म्हणत, डोक्यावर परिणाम झाला.

मे महिन्याची दुपार. पडवीत दोन खुर्च्या, मधे पाटावर टेपरेकॉर्डर. "माह्या परीक्षेसाठी आहे," खैरुन्निसानं सांगितलं. "माह्ये सर ऐकतील, दुसरं कोणी नाई. तू नको म्हणशील तर आत्ता बंद करतो."

"राहू द्या," वच्छला म्हणाली. तिनं पदर सावरला, पाठ ताठ केली आणि सुरू झाली.

"माझे पती गुलाबराव यांच्या चार एकर कोरडवाहू शेतात सतत नापिकी झाली. कर्जाची नोटीस आली. त्यामुळे ते गुमसुम राहत होते. घटनेच्या दिवशी मी मजुरीस गेले होते."

अगदी पुस्तकी भाषा. शाळेतली पोर कविता म्हणते तशी, एका दमात. हे शब्द खैरुन्निसाचेच होते! याच पडवीत बसून तिनं ते वच्छलाकडून दहा वेळा घोकून घेतले होते. साहेबापुढं रडू नको, असंच्या असं सांग, एक शब्द इकडचा तिकडं झाला तर केस अपात्र ठरंल. तेव्हा ते चुकीचं नव्हतं हो, त्याच्याविना मदत मिळाली नसती. पण काम झाल्यावर 'आता विसर ते' असं सांगायला कोणी आलंच नाही. अडीच वर्षं ही बिचारी त्याच चार वाक्यांत राहत होती.

"वच्छला," ती म्हणाली, "हे तर म्या पढवलं होतं. साहेबासाठी होतं थे."

"हाव."

"आज साहेब नाई. अन् फारम बी नाई." ती उठली, पिशवी अंगणातल्या खुंटीला टांगून आली आणि सुपारीचं खांड तोंडात टाकून बसली. दाताखाली काही असलं म्हणजे जीभ जरा दमानं घेते.

मग काहीच नाही. टेप फिरतेय. अंगणात कोंबडी माती उकरतेय. दूरवर पिठाची गिरणी सुरू झाली, बंद पडली. खैरुन्निसाच्या जिभेवर एकामागून एक प्रश्न येत होते. एकेक ती सुपारीबरोबर चावत होती. या अल्ला, गप्प बसणं इतकं कष्टाचं असतं होय!

"बीटीचं बियाणं म्याच आणाले लावलं होतं," वच्छला एकदम म्हणाली. आवाज वेगळाच होता. "शेषरावच्या, माह्या भावाच्या वावरात पाह्यलं. बोंडांनी फांद्या वाकल्या होत्या, आपा! मंग म्या हट्टच धरला. थे म्हणे, आपली कोरडवाहू, देशीच बरी. म्या म्हनलं, तुमाले काय समजते? भावाच्या वावरात विहीर होती, हे ध्यानातच नाई आलं माह्या. दोन वर्सं फटका बसला. थे मले एका शब्दानं नाई बोलले. बोलले असते तं बरं झालं असतं."

तिचा बांध फुटला. खैरुन्निसाचा हात सवयीनं पिशवीकडं गेला, पिशवी तिथं नव्हतीच. तोच हात तिनं वच्छलाच्या हातावर ठेवला. 'तुझा काय दोष?' हे अगदी ओठांवर आलं होतं. शंभर बायांना तिनं ते म्हटलं होतं, आणि शंभरही बाया डोळे पुसून गप्प झाल्या होत्या.

"इतके दिस एकटीच घेऊन बसली होती," ती एवढंच म्हणाली.

"सांगू कोणाले? फारमात त्याचा रकानाच नव्हता."

खैरुन्निसालाही रडू आलं. तिनं डोळे पुसले नाहीत. बऱ्याच वेळानं वच्छलानं नाक पुसलं. "शेवटी थे बी हाव म्हणलेच होते म्हना. माह्यासाठी नाई, त्याहिलेही पटलं होतं. पेरणीच्या दिशी गाणं म्हनत होते." आणि तिला जरासं हसू आलं, नवऱ्याचा बेसूर आठवून असेल.

खट्. टेप संपली.

"तुमच्या सरले ऐकू द्या," वच्छला म्हणाली. "तुमी इतका वेळ चूप बसल्या, हे पुराव्याबिगर कोणी मानायचं नाई." सरांनी पुढं ती ऐकली, आपांचा आवाज घड्याळ लावून मोजला, तो चार मिनिटं भरला, आणि त्यांनी पासचा शेरा लिहिला. पण ते पुढं.

त्या दुपारी वच्छलानं खरा पेच टाकला तो टेप संपल्यावर.

"आपा, यंदा वावरात काय पेरू?"

आता? सोयाबीनची योजना होती. कृषी कार्यालयात ओळख होती. बियाण्याचा फॉर्म तर खुंटीवरच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात होता! टेप बंद होती, सरांना कधी कळणारही नव्हतं. खैरुन्निसानं उरलेली सुपारी गिळली.

"तुले काय वाटते?"

वच्छला वावराच्या दिशेनं बघत राहिली. "तूर," ती हळूहळू म्हणाली. "अन् मधी दोन-दोन ओळी देशी पऱ्हाटीच्या. त्याहिच्या मनात होतं थे." मग ती उठली, कोपऱ्यातला विळा घेतला. "पण आधी जुन्या पऱ्हाट्या काढा लागतील. ऊन कललं आता. येता काय?"

खैरुन्निसानं पदर खोचला आणि तिच्या मागोमाग निघाली. पिशवी खुंटीवरच राहिली, संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला वच्छलानंच ती आठवणीनं आणून दिली.